चंडीगडची आरामखुर्ची आपल्या सुताराकडून करून घेताना

बाजूने पाहिली की ही खुर्ची इंग्रजी 'ए' अक्षरासारखी दिसते. पुढचा आणि मागचा असे दोन तिरपे पाय वर हात टेकण्याच्या पट्टीखाली एकत्र येतात, जमिनीकडे फाकत जातात, आणि त्यांना मधोमध छेदून मागे किंचित उतरती वेताची बैठक जाते. समोरून पाहिली तर मात्र ती अगदी साधी वाटते, आणि तेथेच घोटाळा होतो. मोबाइलवरचे छायाचित्र दाखवून "अशीच करून द्या" असे सांगितले, की सुतार पायांचा आकार बरोबर उचलतो, पण कोन, उतार आणि सांधे आपल्या सवयीचे ठेवतो. तयार होणारी वस्तू दुरून चंडीगडची दिसते आणि बसल्यावर दवाखान्यातल्या बाकाची आठवण करून देते. माझी पहिली खुर्ची अशीच झाली होती. दुसरी बऱ्यापैकी जमली, ती आधी या खुर्चीमागची वास्तुकला समजून घेतल्यामुळे. म्हणून येथेही सुरुवात तेथूनच करतो.

खुर्चीआधी शहर

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि भारतातील पंजाबला राजधानी उरली नाही. नव्या शहराचा पहिला आराखडा अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर आणि त्यांचे सहकारी मॅथ्यू नोविकी यांनी केला होता. पण १९५० मध्ये विमान अपघातात नोविकींचा मृत्यू झाला आणि काम स्विस-फ्रेंच वास्तुविशारद ल कॉर्बुझिए यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे वास्तुविशारद आणि कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ पिएर जॅनरे होते. कॉर्बुझिए वर्षातून थोड्या थोड्या मुक्कामासाठी येत आणि परत पॅरिसला जात. जॅनरे मात्र १९५१ ते १९६५ अशी सुमारे चौदा वर्षे चंडीगडमध्येच राहिले. सरकारी घरे, शाळा, विद्यापीठाच्या इमारती यांचे रोजचे काम त्यांच्या अंगावर होते. १९६७ मध्ये जिनिव्हाला त्यांचे निधन झाले. पुढे त्यांच्या इच्छेप्रमाणे अस्थी चंडीगडच्या सुखना तलावात विसर्जित करण्यात आल्या.

शहर उभे राहत होते, तसे त्यात बसायला काहीतरी हवे होते. सचिवालय, उच्च न्यायालय, विधानसभा, महाविद्यालये, वसतिगृहे, ग्रंथालये या सगळ्यांना खुर्च्या, मेजे आणि कपाटे लागणार होती, तीही हजारोंच्या संख्येने. कॉर्बुझिए आणि जॅनरे या दोन भावांनी फर्निचर रचनाकार शार्लोट पेरियाँ यांच्याबरोबर १९२८-२९ च्या सुमारास पॅरिसमध्ये वाकवलेल्या पोलादी नळ्यांची प्रसिद्ध आरामखुर्ची केली होती. चंडीगडला तो मार्ग त्यांनी घेतला नाही. हाताशी साग आणि शिसम होते, वेत होता, आणि करवत-रंधा चालवणारी माणसे होती. तेव्हा आरेखनच असे केले, की साध्या हत्यारांनी कोणत्याही सुतारशाळेत ते उतरवता यावे. याच कारणाने तेथील एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्या पुष्कळदा मापाने तंतोतंत जुळत नाहीत.

श्रेयाबद्दल एक सांगणे आवश्यक आहे. या खुर्च्यांना सर्रास "कॉर्बुझिए चेअर" म्हटले जाते, ते बरोबर नाही. फर्निचरचे बहुतांश काम जॅनरे आणि त्यांच्याबरोबरच्या भारतीय वास्तुविशारदांचे आहे. त्यांत ऊर्मिला युली चौधरी यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. लिलावांच्या पुस्तिकांमध्ये ते अनेकदा गाळले जाते.

सांगाडा आणि भराव

आधुनिक वास्तुकलेतील एक मूलभूत कल्पना अशी, की भार खांबांनी आणि तुळयांनी वाहावा. भिंतीने फक्त आडोसा द्यावा. कॉर्बुझिए यांनी १९१४ मध्येच स्लॅब, खांब आणि जिना एवढाच सांगाडा दाखवणारे रेखाटन केले होते. आता खुर्चीकडे पाहा. बाजूचे दोन 'ए' आणि त्यांना जोडणाऱ्या चौकटी हा सांगाडा आहे, तर वेताची वीण हा भराव आहे. वीण तुटली तरी खुर्ची उभी राहते, आणि वीण बदलली तरी खुर्ची तीच राहते.

पाय असे तिरपे का, याचे उत्तरही बांधकामातच सापडते. चार खिळ्यांनी जोडलेली चौकोनी चौकट कोपऱ्यावर दाब दिला की तिरकी होते, त्रिकोणी चौकट मात्र तशी होत नाही. दोन पाय आणि त्यांना छेदणारी बैठकीची पट्टी मिळून पक्का त्रिकोण तयार होतो, म्हणून खाली पायांना पायांशी जोडणाऱ्या आडव्या काठ्या लावाव्या लागत नाहीत आणि खुर्चीखालची जागा मोकळी राहते. खांबांवर उचललेल्या इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्याशी याचे नाते आहे, असे मला वाटते. वेताच्या जाळीचेही तसेच. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे जाणाऱ्या शहरात इमारतींना काँक्रीटच्या खोल उन्हाळपट्ट्या आणि विटांच्या जाळ्या दिल्या, त्या ऊन अडवून वारा आत घेण्यासाठी. खुर्चीला गादी न देता जाळी दिली, ती पाठीला घाम येऊ नये म्हणून. या खुर्चीवर जाड रेक्झिनची गादी टाकून ठेवणाऱ्यांना हे सांगून काही उपयोग होत नाही, हा माझा अनुभव.

आधी बसून या

शक्य असेल तर सुताराकडे जाण्यापूर्वी एकदा चंडीगडला जाऊन खऱ्या खुर्च्या पाहाव्यात. सेक्टर ५ मधील जॅनरे यांचे राहते घर आता संग्रहालय झाले आहे. सेक्टर १९ मध्ये वास्तुविशारदांचे जुने कार्यालय ल कॉर्बुझिए केंद्र म्हणून पाहता येते. सचिवालय, उच्च न्यायालय आणि विधानसभा असलेला कॅपिटल परिसर २०१६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. संग्रहालयातील वस्तूंवर अर्थातच बसू देत नाहीत. पण गुडघ्यावर बसून, खुर्चीच्या खालून पाहण्याला कोणाची हरकत नसते. पायाची जाडी कोठे सर्वाधिक आहे आणि कोठून निमुळती होत जाते, बैठकीची पट्टी पायाच्या आतल्या अंगाला कशी धरली आहे, पाठ हाताला कोठे मिळते, या तीन गोष्टी वहीत काढून आणाव्यात. समोरून काढलेली पन्नास छायाचित्रे या तीन चित्रांची जागा घेऊ शकत नाहीत.

ज्यांना चंडीगड दूर आहे, त्यांनी निदान घरातली कोणतीही जुनी वेताची खुर्ची उलटी करून पाहावी. कोकणातल्या ओसरीवरची लांब हातांची आरामखुर्ची असली तरी चालेल. वीण भोकांतून कशी ओवली आहे आणि भोके कडेपासून किती आत आहेत, हे त्यातूनही कळते.

"अस्सल" विकत घ्यावी का

थोडक्यात उत्तर द्यायचे तर, घेऊ नये. मोडक्या खुर्च्या सरकारी कार्यालयांच्या गच्च्यांवर आणि आवारांत रचून ठेवल्या जात आणि भंगार म्हणून लिलावात विकल्या जात. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, डागडुजी केली आणि पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कच्या लिलावांत त्या लाखो रुपयांना गेल्या. यावर ओरड झाल्यानंतर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंडीगडच्या वारसा फर्निचरची विक्री, लिलाव आणि निर्यात यांवर बंदी घालणारा आदेश काढला. मात्र शंभर वर्षे झालेली नसल्यामुळे या वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत. त्यामुळे बाजार पूर्ण थांबलेला नाही, आणि बाजार आहे तेथे बनावट मालही आहे.

तरीही एखादी खुर्ची समोर आलीच, तर पाठीमागे किंवा बैठकीखाली रंगाने उमटवलेली कार्यालयाची आद्याक्षरे आणि क्रमांक पाहावा, पण त्यावर विसंबू नये. अक्षरे रंगवणे हे सगळ्यांत सोपे काम आहे. त्यापेक्षा वेताची भोके नीट पाहावीत. अनेकदा वीण बदललेल्या खुर्चीत भोकांच्या कडा घासून गुळगुळीत झालेल्या असतात, नव्या खुर्चीत त्या धारदार असतात. पायांचे तळ, जे वर्षानुवर्षे पुसलेल्या फरशीवर उभे असतात, ते काळवंडलेले आणि थोडे फुगलेले दिसायला हवेत. मूळ लिलावाची पावती मागावी, आणि पावती नसेल तर नमस्कार करून बाहेर पडावे.

मुळात ही खुर्ची स्थानिक सुताराने स्थानिक लाकडात करावी म्हणूनच आखलेली आहे. तेव्हा आपल्या गावातील सुताराने केलेली खुर्ची मला नक्कल वाटत नाही; कल्पनेप्रमाणे तो तिचा पुढचा नग आहे.

पूर्ण मापाचा नकाशा

हे या लेखातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे आणि लोक नेमके हेच टाळतात. चार मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा घेऊन त्यावर खुर्चीची एक बाजू खऱ्या मापात, पेन्सिलने काढावी. पुढे दिलेली मापे मी माझ्या दुसऱ्या खुर्चीसाठी वापरलेली आहेत. जुन्या खुर्च्यांच्या जवळ जाणारी आहेत, पण एखाद्या विशिष्ट खुर्चीची नक्कल नव्हेत.

आधी जमिनीची रेघ मारावी. तिच्यावर मध्यबिंदू घेऊन त्याच्या दोन्ही बाजूंना २७ सेमीवर खुणा कराव्यात. तेथे पुढचा आणि मागचा पाय टेकतील. मध्यबिंदूच्या बरोबर वर ५२ सेमीवर पायांच्या मध्यरेषा मिळतात. या तीन बिंदूंनी होणारा वरचा कोन ५५ अंशांच्या आसपास येतो आणि प्रत्येक पायाची लांबी सुमारे ५९ सेमी भरते. त्यानंतर बैठकीची रेघ काढायची. मध्यबिंदूच्या पुढे २५ सेमीवर तिची उंची ३७ सेमी आणि मागे २५ सेमीवर २९ सेमी ठेवावी. पन्नास सेंटिमीटरांत आठ सेंटिमीटरांचा हा उतार डोळ्याला जास्त वाटतो. सुतार तो कमी करू पाहील; करू देऊ नये. या उतारामुळेच माणूस खुर्चीत पुढे न घसरता मागे विसावतो.

बैठकीच्या मागच्या टोकापासून पाठीची रेघ बैठकीशी १०५ अंशांच्या कोनात वर न्यावी आणि जमिनीपासून ७२ सेमीवर थांबवावी. हाताची पट्टी ५० सेमी लांब, तिचा माथा जमिनीपासून ५४ सेमीवर. ती पायांच्या जोडावर बसते आणि मागे जाऊन पाठीच्या चौकटीला मिळते. खुर्चीची बाहेरून रुंदी मी ५६ सेमी ठेवली. एक खबरदारी नकाशावरच तपासावी: मागच्या पायाचे टोक बैठकीच्या मागच्या कडेच्या निदान दोन सेमी मागे असले पाहिजे. हे चुकले, तर अंग मागे टाकताच खुर्ची पुढून उचलली जाते.

कॉर्बुझिए यांनी मानवी शरीरावरून बसवलेल्या 'मॉड्युलॉर' या मापपद्धतीत २७ आणि ४३ सेमी या बसण्याच्या उंची आहेत; पहिली रेलून बसण्याची, दुसरी कामाला बसण्याची. आपली बैठक या दोहोंच्या मधे पडते. घरातील वडीलधाऱ्यांना एवढ्या खालून उठणे जड जात असेल, तर सगळी उंची चार सेंटिमीटरने वाढवावी, पण उतार आणि कोन तसेच ठेवावेत.

नकाशा तयार झाल्यावर तो भिंतीला टेकवून, समोर विटा आणि फळ्या रचून त्याच उताराची बैठक करावी आणि दहा मिनिटे बसून पाहावे. शेजारी हसतात. हसू द्यावे; या दहा मिनिटांनी माझे एक घनफूट लाकूड वाचवले आहे.

सुताराशी बोलताना सेंटिमीटर बाजूला ठेवून इंच आणि सूत ही त्याची मापे वापरावीत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. नकाशा पूर्ण मापाचा असला म्हणजे तसे आकडे बोलावेच लागत नाहीत. तो सरळ त्यावर लाकूड ठेवून खूण करतो.

लाकूड

एका खुर्चीला, तुकडे-भुसा धरून, पाऊण ते एक घनफूट साग पुरतो. विदर्भातला बल्लारशाहचा साग मिळाला तर उत्तम. जुन्या वाड्यांची पाडापाडी झाल्यावर येणाऱ्या तुळया त्याहून चांगल्या, कारण त्या कित्येक दशके वाळलेल्या असतात. फक्त त्यांत लपलेले खिळे सुताराच्या रंध्याचे पाते खातात, तेव्हा आधी चुंबक फिरवून घ्यावे. सालीलगतचा पांढरट भाग घेऊ नये, तो वाळवीला लवकर बळी पडतो. पायांसाठी निवडलेल्या तुकड्यात लाकडाच्या रेघा टोकापासून टोकापर्यंत सरळ धावल्या पाहिजेत. पाय खाली निमुळता होत जातो, तेव्हा रेघ तिरकी असेल तर ती नेमकी निमुळत्या भागात बाहेर पडते आणि तेथेच पाय तुटतो. पायाची रुंदी बैठकीपाशी सुमारे ६ सेमी आणि तळाशी ३.५ सेमी, जाडी सगळीकडे ३ सेमीच्या वर असावी.

ओल्या लाकडाचा मोह कितीही स्वस्त असला तरी टाळावा. पावसाळ्यात आणलेल्या लाकडाची माझी पहिली खुर्ची दिवाळीपर्यंत ठीक होती. नंतर वरच्या जोडात पोस्टकार्ड जाईल एवढी फट पडली.

जोडणी

जोडणीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बैठकीची आणि पाठीची अशा दोन चौकटी स्वतंत्र करून घ्याव्यात, त्यांचे कोपरे खाच पाडून आणि त्यात जीभ बसवून जोडावेत. नुसता स्क्रू मारलेला कोपरा वेताच्या ताणाने वर्षभरात उघडतो, कारण वाळलेली वीण चारही बाजूंनी चौकट आत ओढत असते. त्यानंतर पायांच्या दोन जोड्या नकाशावर ठेवून वर जोडाव्यात. येथे दोन्ही पायांची टोके अर्धी-अर्धी कापून एकमेकांवर बसवणे आणि वर हाताच्या पट्टीत खाच देणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटला.

बैठकीची चौकट पायांच्या आतल्या अंगाला येते. प्रत्येक पायात दोन-तीन सूत खोल खाच घेऊन ती त्यात बसवावी, मग गोंद आणि पितळी स्क्रू. वजन खाचेने पेलावे. स्क्रूने फक्त धरून ठेवावे. शेवटी पाठ बसवायची. ती खाली बैठकीच्या मागच्या पट्टीला आणि वर दोन्ही हातांना जोडली जाते. पाठ ही केवळ टेकण्याची जागा नाही. दोन्ही 'ए' डावी-उजवीकडे झुलू नयेत म्हणून त्यांना बांधणारी आडवी भिंत तीच आहे. म्हणून पाठीचे चार जोड ढिले असतील तर बाकी सगळे उत्तम असूनही खुर्ची कुरकुरते.

पायांचे तळ शेवटी कापावेत, हे लाल शाईने लिहून ठेवण्यासारखे आहे. माझ्या पहिल्या सुताराने ते आधीच कापले, एक पाय दोन सूत आखूड निघाला, आणि त्याने त्याखाली काळे रबरी बूच ठोकून दिले. योग्य रीत अशी: जोडलेली खुर्ची सपाट कडप्प्यावर ठेवावी, पाचर लावून समतोल करावी, एका जाडीच्या लाकडी ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून ती चारही पायांभोवती फिरवावी आणि त्या रेघेवर कापावे. तळ जमिनीला समांतर येतात, कोन काहीही असो.

वेत

पॉलिश विणण्यापूर्वी करून घ्यावे, नाहीतर ते वेतावर डाग पाडते. पॉलिशबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लाखेचे पॉलिश किंवा पातळ तेल चालते, चकचकीत मेलामाइन मात्र या खुर्चीला शोभत नाही.

बाजारात तयार जाळीचे ताव मिळतात. चौकटीत पन्हळ पाडून ते पट्टीने दाबून बसवतात. काम तासाभरात होते. टिकाऊ आणि खुर्चीला साजेशी मात्र हातविणच. तिच्यासाठी चौकटीच्या आतल्या कडेपासून चार-पाच सूत अंतर सोडून, अर्ध्या अर्ध्या इंचावर, दीड सुताची भोके पाडावीत. समोरासमोरच्या भोकांची संख्या सारखी यायला हवी. वेताच्या पट्ट्या वीस ते तीस मिनिटे पाण्यात भिजवून, चकाकणारी बाजू वर ठेवून विणाव्यात. आधी उभे धागे, त्यांवर आडवे, पुन्हा उभे, मग दुसरे आडवे खाली-वर गुंफत, आणि शेवटी दोन्ही दिशांनी तिरपे. कडेने रुंद पट्टी फिरवून भोके झाकली की वीण पुरी होते. घाई करणारा कारागीर दुसरा आडवा फेर गाळतो. त्या वेळी फरक दिसत नाही, पण दोन वर्षांत बैठक झोळीसारखी लोंबते. म्हणून विणताना एक वेळ तरी शेजारी बसावे. प्लॅस्टिकचा वेत सुचवला जाईल. नाही म्हणावे, उन्हाळ्यात तो अंगाला चिकटतो.

एक दिवस सावलीत वाळू द्यावी. नंतर बैठकीच्या मध्यावर टिचकी मारून पाहावी: आवाज हलगीसारखा टणक आला पाहिजे. थप्प असा आवाज आला तर वीण ढिली आहे, आणि ती पैसे देण्यापूर्वीच उकलून पुन्हा घालायला सांगावी.

पुढे सांभाळायचे ते एवढेच. वेत अति कोरडा झाला की तडकतो, म्हणून उन्हाळ्यात महिन्यातून एकदा खुर्ची उलटी करून विणीच्या खालच्या बाजूला ओले फडके फिरवावे. चकाकी असलेली वरची बाजू पाणी पीत नाही, खालची पिते. पावसाळ्यात उलट काळजी: भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी, बुरशीचे पांढरे ठिपके दिसले तर कोरड्या ब्रशने झाडून पंख्याखाली घ्यावी. बैठकीवर उभे राहून माळ्यावरचे डबे काढणाऱ्यांना घरात स्टूल आणून द्यावे.